क्युरिअसची पाच वाक्यं

खानापुरात, तहसीलदार कचेरीसमोर,
माझ्या झेरॉक्स मशीनच्या झाकणावर वही ठेवून
रेणू म्हणते, "आई, मी लिहितो, तू नुसतं बघ."
आमच्याकडे पोरीही 'लिहितो' म्हणतात.
व्याकरण पुण्याला राहतं.

शब्द आहे क्युरिअस. वाक्यं पाच. उद्याच.
पहिलं तिनं पुस्तकातलं टाकलं: मांजर क्युरिअस आहे.
आमच्या मांजराला दुधापलीकडं कशातच रस नाही,
खरं इंग्रजीतली सगळी मांजरं क्युरिअस असतात,
चालतंय.

दुसऱ्याला अडली.
मागनं 'अबाऊट' लागतं, मिसनी बजावलंय,
'ऑफ' लावलं की अर्धा मार्क गेला.
मी कागदाचा गठ्ठा झटकत म्हटलं,
गाईला दावं तसं त्या शब्दाला अबाऊट.
सुटला तर कुणाच्याही शेतात शिरेल.

तेवढ्यात जांबोटीकडचे मष्णू गुरव आले.
हातात नोटीस, चार घड्या, घामानं मऊ पडलेली.
"ताई, काय लिवलंय बघा की.
पोरगा गोव्याला हाय, घरात वाचणारं कोण न्हाई."
कन्नडमधली होती. वाचून सांगितली:
मोजणीची तारीख, गट नंबर, हजर राहावे.
"एवढंच?"
"एवढंच."
त्यांनी कागद उलटा केला, उजेडाकडं धरला.
"मागं काय न्हाई?"
"कोरं आहे आजोबा."
"मग एवढा जाड कागद कशाला?"

चारच्या बसला वेळ होता. ते बाकावर टेकले.
रेणूनं खाली मान घालून लिहिलं:
मष्णूआजोबा इज क्युरिअस अबाऊट द बॅक ऑफ द पेपर.

तिसरं माझ्यावर.
माय मदर इज नॉट क्युरिअस.
"असं का गं?"
"तू दिवसभर लोकांचे कागद वाचतेस,
दाखले, खरेदीपत्रं, घटस्फोटाचे अर्ज,
खरं कुणाला काय विचारत नाहीस."
मशीनचा हिरवा उजेड
काचेखालनं या कडेपासून त्या कडेला गेला.
काय सांगू हिला,
न विचारणं हाच इथला धंदा आहे,
लोक दोन रुपये त्याचेच देतात.
आणि तुझ्याएवढी असताना मी
बसच्या पाट्या बोट ठेवून ठेवून शिकलो,
हे कुठलं अक्षर, ते का असं वळलंय,
याके, याके करून कंडक्टरचं डोकं खाल्लं.
एकदा त्यानं मला नंदगडऐवजी पुढच्या थांब्यावर उतरवलं.
चालत घरी आलो. आईनं विचारलं नाही, मारलं.

सांगितलं नाही.
वाक्य बरोबर होतं. स्पेलिंगही.

चौथ्यासाठी डिक्शनरी उघडली
तर तिथं दुसराच अर्थ निघाला: विचित्र.
"म्हणजे विचारणारा आणि विचित्र, दोघांना एकच शब्द?"
"दिसतंय तसं."
जरा वेळ पेन्सिलीचं टोक चावत बसली.
"मी वर्गात सारखा हात वर करतो,
तेव्हा सगळे वळून बघतात. तसं?"
मी टोनरची पावडर बोटावरून पुसत राहिले.
तिनं लिहिलं: आय ॲम अ क्युरिअस गर्ल.
कुठल्या अर्थानं, ते वहीत नाही.

बसचा हॉर्न वाजला तसे मष्णू गुरव उठले,
नोटीस पुन्हा माझ्यापुढं सरकवली.
"एक कापी काढा. दोन्ही बाजू."
"मागचं कोरं आहे म्हटलं की."
"असू दे. पैसे देतोय न्हवं."

काढली.
कोऱ्या बाजूवर उमटल्या
घड्यांच्या दोन रेघा, एकमेकींना छेदणाऱ्या,
कोपऱ्यात अंगठ्याचा काळपट ठसा,
आणि पुढल्या बाजूची कन्नड अक्षरं,
फिकी, आरशात बघितल्यासारखी उलटी.

"बघा," ते म्हणाले, "हुतं की कायतरी."

पाचव्या आकड्यापुढं टिंब देऊन
रेणू वही तशीच टाकून उठली,
कागद बघायला.